तीन ढीग

भामाच्या ताटात भाताचे तीन ढीग होते. पद्मावतीनं डाळीची पळी पुढं केली ती तशीच अधांतरी राहिली, आणि पळीतली आंबट डाळ ठिबकून पाटाच्या कडेला पडली. लेकरं भाताशी खेळतात, कुणी डोंगर करतं, कुणी मधे खळगा करून त्याची विहीर करतं, त्यात काय एवढं. पण हे खेळातले ढीग नव्हते. सारख्या उंचीचे, एकमेकांना न शिवणारे, मधे ताटाचा तळ स्वच्छ दिसावा असे. भामा मान खाली घालून उरलीसुरली शितं गोळा करत होती. एक शीत तिनं बोटावर घेतलं, या ढिगाकडे पाहिलं, त्या ढिगाकडे पाहिलं, आणि हळूच, पण आईला ऐकू जाईल इतपत, म्हणाली, "हे कुठं जाणार?" पलीकडे भिंतीला टेकून सासूबाई, चतुराबाई, जप करत होत्या, त्यांची माळ थांबली. काचीगुड्याच्या स्टेशनातून सुटलेली गाडी घरामागून गेली, मांडणीवरची पितळी भांडी नेहमीसारखी थरथरली, आणि पद्मावतीला वाटलं, हे आपलंच अंग थरथरतंय. "जेव मुकाट्यानं," ती म्हणाली, आणि सगळी पळी ओतून तिन्ही ढीग तिनं डाळीत बुडवून टाकले.

तिला हे ढीग ओळखीचे होते. गेल्या साली राज्य मोडलं, निजामाच्या मुलखाचे तीन वाटे झाले, मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि उरलेलं सगळं आंध्रात, हे अख्ख्या जगाला ठाऊक आहे. पण वाटे झाले की भांडीकुंडीही वाटावी लागतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. सरकारची भांडीकुंडी म्हणजे कागद. तिचे यजमान मुकुंदराव मालगुजारीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, दफ्तरात होते, त्यांचे वडील तिथंच होते, आजोबाही तिथंच. जुनी उर्दू शिकस्ता, म्हणजे मोडक्या वळणाची, लिपी सरसर वाचणारा माणूस म्हणून साहेबानं त्यांना फायली निवडायला बसवलं. लाल फडक्यात बांधलेले बस्ते सोडायचे, गावाचं नाव वाचायचं, आणि तीन फळ्यांपैकी एकीवर ठेवायचं. तांदूळ निवडण्यासारखं सोपं काम, असं तेच सुरुवातीला म्हणायचे. आणि मग एकेका बस्त्यातून अशी गावं निघायला लागली की ज्यांचं शेत एका तालुक्यात आणि विहीर दुसऱ्यात. बीदर जिल्हा तर मधोमध फाटलेला, उदगीर-निलंगा मुंबईला आणि बीदर स्वतः म्हैसूरला. भावाभावांचा एक दावा, त्यातला एक भाऊ इकडचा झाला आणि एक तिकडचा. तो कागद कुठल्या फळीवर ठेवायचा? मुकुंदराव तो कागद हातात धरून दिवसभर बसून राहिले, असं दफ्तरातला कुणीतरी नंतर सांगून गेला.

घरी ते आधी गमतीत आलं. संध्याकाळी पद्मावती कांदे निवडत बसली होती, मुकुंदराव चपला काढून शेजारी टेकले, एक कांदा हातात घेऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हे कुठं जाणार?" पद्मावती पटकन म्हणाली, "पोटात जाणार, दुसरं कुठं." भामा खदखदून हसली, चतुराबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मुकुंदराव सगळ्यात मोठ्यानं हसले. पुढं कितीतरी दिवस घरात तो खेळच झाला. भेंडी दिसली, पेरू दिसला, की ते विचारायचे आणि भामा टाळी देऊन सांगायची, पोटात. कधी कुणास ठाऊक, पण एक दिवस भामानं 'पोटात' म्हटलं आणि ते हसले नाहीत. त्यांनी भेंडीकडे पाहिलं, मग भामाकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं. तो आवाज पद्मावतीच्या कानात अजून होता. खरोखरीच विचारत होते ते.

मग घरभर ढीग झाले. चिंचेचे, चपलांचे, आगपेटीतल्या काड्यांचे. घास ताटातून उचलायचा तर तो कुठल्या वाट्याचा हे ठरल्याशिवाय तोंडात जाईना, म्हणून जेवण सुटलं. एकदा पद्मावतीचा धीर सुटला आणि तिनं चिंचेचे तीन ढीग हातानं एकत्र केले, तर मुकुंदराव डोकं धरून मटकन खाली बसले आणि म्हणाले, "गावं मिसळलीस गं. आता कुणाचं गाव कुणाला सापडणार?" त्या दिवसापासून त्यांच्या ढिगाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आणि संक्रांतीच्या सुमारास ती सकाळ आली. मुकुंदरावांनी आईला देवघराच्या कोपऱ्यात उभं केलं, पद्मावतीला चुलीच्या कोपऱ्यात, भामाला पाण्याच्या घडवंचीजवळ, आणि स्वतः मधोमध उभे राहिले. भामाला आधी हसू येत होतं. मग हसू थांबलं. ते या कोपऱ्याकडे एक पाऊल टाकायचे, परत फिरायचे, त्या कोपऱ्याकडे टाकायचे, परत फिरायचे, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणी जागचं हललं तर ओरडायचे. ऊन दारातून आत आलं, सरकत सरकत भिंतीवर चढलं, तरी चौघं तशीच उभी. भामाचा फ्रॉक ओला झाला, पण ती हलली नाही. शेवटी धाकटा दीर केशवराव, सुलतानबाजारात वकिली करणारा, सहज म्हणून आला, त्यानं ते पाहिलं, आणि रिक्षा बोलावून भावाला शहराबाहेर एर्रागड्ड्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी भामाला सांगितलं, नाना मुंबईला गेलेत, फायली पोचवायला. भामा बापाला नाना म्हणायची. "सगळं पाहिलंय हो तिनं," पद्मावती दबक्या आवाजात म्हणाली होती, तर चतुराबाई म्हणाल्या, "लेकरं विसरतात. आठवण काढून दिली नाही की विसरतात. तू तोंड उघडू नकोस. उद्या पोरीला उजवायचंय आपल्याला, बापाचं असं कळलं तर दारात कोण उभं करील?" आणि पद्मावतीनं तोंड उघडलं नाही. दर रविवारी ती भाकरी आणि आंबाडीची भाजी फडक्यात बांधून निघायची, भामाला सांगायची, कीर्तनाला चाललेय. भामानं सुरुवातीला विचारलं, नाना कधी येणार, मुंबई केवढी लांब आहे, त्यांचं खतपत्र का येत नाही. मग विचारायचं बंद केलं. पद्मावतीला वाटलं, सुटले. खरंच असं वाटलं तिला, पोरगी विसरली म्हणून तिनं देवापुढं साखर ठेवली. आणि आता हे.

त्या जेवणानंतर पद्मावती पोरीवर डोळा ठेवायला लागली. भामा झोपली की तिच्या मुठी उघडून बघायची, आत काही धरलेलं तर नाही ना. दप्तर उपडं करून बघायची. ताटात भात आणि डाळ वेगळं वाढायचंच तिनं सोडलं. स्वयंपाकघरातच कालवून, तान्ह्या लेकराला द्यावा तसा मऊ गोळा करून पुढं ठेवायची, म्हणजे वेगळं काढायला काही उरू नये. तर दुसऱ्या सकाळी पोह्यांतले शेंगदाणे निघाले, ताटाच्या कडेला, तीन ठिकाणी. केसांच्या रिबिनी तीन जागी. उंबऱ्याशी चपला तीन जागी. आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न, त्याच हळू आवाजात. चतुराबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या, ठसका उठला नाही म्हणून स्वतःच घाबरल्या. मग दर्ग्यातून काळा धागा आणून पोरीच्या दंडाला बांधला. धागा बांधून तिला बाहेर पाठवलं. "आमच्या ह्यांचा धाकटा भाऊ असाच," त्या भामाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, पण भामा दाराआडच होती. "त्या काळी असला दवाखाना जालन्याला होता, तिथंच न्यायचे अशांना. मी नवी नवरी होते. दारातून गाडी गेली ती गेली. नाव काढायचं नाही, असं मामंजींनी सांगितलं. रक्तात आहे गं पद्मा, रक्तात आहे, एक पिढी सोडत नाही." पद्मावतीला म्हणावंसं वाटलं, मग मला या घरात आणताना का नाही सांगितलंत. पण ती उठून दिव्याची वात सारायला लागली. रक्तात आहे हे शब्द तिच्या डोक्यात शिरून बसले. भामाच्या कपाळाची ठेवण बापाची, चालताना डावा खांदा जरा खाली ठेवायची लकब बापाची, हे आजवर कौतुकानं सांगितलेलं सगळं आता तिला भीतीचं वाटायला लागलं.

भीतीची गंमत अशी की ती एका माणसावर थांबत नाही. एकदा दुपारी पद्मावती दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालत होती. मन कुठल्या कुठं होतं. भानावर येऊन बघते तर चटईवर तीन ढीग, सारख्या उंचीचे, मधे चटई दिसत होती. सासूबाईंचं, तिचं, भामाचं. घरात चौथ्या माणसाचे कपडे नव्हते म्हणून तीन झाले, हे तिला कळत होतं, आणि तरी कळत नव्हतं. तिनं सगळे कपडे एकत्र कालवले, बोळा करून पेटीत कोंबले आणि पेटीवर बसून राहिली. आपण तर या रक्तातल्या नाही. मग हे काय? हवेतून लागतं का हे? दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्यानं लागतं का? तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

दवाखान्यातले डॉक्टर थकलेले, सदा घाईत असणारे गृहस्थ. एका रविवारी त्यांनी तिला थांबवून विचारलं होतं, "घर में बच्चे हैं क्या अम्मा?" ती म्हणाली, एक बच्ची है. "उसकू क्या बोले आप लोगां?" पद्मावती म्हणाली, छोटी है, उसकू कुछ नहीं मालूम. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मालूम रहता. पूछ के देखो," आणि पुढच्या खाटेकडे गेले. तेव्हा तिला त्यांचा रागच आला होता. यांचं काय जातं बोलायला.

कुसुमताई भामाच्या वर्गाच्या बाई. मराठी शाळा आता राहते का बंद होते या काळजीत त्या घरोघर जाऊन पालकांना भेटत होत्या, तशा याही घरी आल्या. चतुराबाई देवळात गेलेल्या. पद्मावतीनं चहा टाकला, आणि कपबशी पुढं ठेवताना न राहवून तिच्या तोंडून निघून गेलं, "बाई, भामा वर्गात कशी वागते?"

"कशी म्हणजे? जरा गप्प झालीय. बाकी चांगली आहे."

"डबा कसा खाते?"

कुसुमताईंनी नवलानं पाहिलं. "सगळी पोरं खातात तसा खाते. तिला आणि त्या तेलंग्याच्या पोरीला लोणच्यावरून भांडताना मीच सोडवलं परवा."

"ढीग... वेगळं वेगळं काढून ठेवत नाही?"

"नाही हो. काहून?"

पद्मावतीला वाटलं, आता इथंच गप्प बसावं. आणि ती बोलायला लागली. मुकुंदरावांचं, बस्त्यांचं, कोपऱ्यांचं, मुंबईचं, पोह्यांतल्या शेंगदाण्यांचं. बोलताना तिची नजर सारखी दाराकडे जात होती. बाई उठून जातील, चहा तसाच ठेवून जातील, उद्या शाळेत होईल, परवा साऱ्या काचीगुड्यात. कुसुमताई उठल्या नाहीत. त्यांनी चहा निवू दिला. मग म्हणाल्या, "माझी आई अशीच होती. वेगळं काही होतं तिचं, ती बोलायचीच नाही, भिंतीकडे तोंड करून असायची. मामाकडे नेऊन ठेवली आणि आम्हाला सांगितलं, काशीला गेली. मी वर्षानुवर्षं काशीच्या दिशेला पाय करून झोपत नव्हते. आई होती तिथल्या तिथं, हनमकोंड्याला." त्यांनी कपबशी बाजूला सरकवली. "ती गेल्यावर कळलं. मला काशीचा राग नाही आला वैनी, ज्यांनी सांगितलं त्यांचाही नाही. वाटलं, मला भेटू दिलं असतं तर मी भ्याले असते, पण भेटले तर असते." जाताना पायरीवर वळून म्हणाल्या, "पोरीला विचारा. काय सांगायचं ते कळत नसलं तर आधी विचारा. आणि रविवारी बरोबर कुणी हवं असेल तर मी मोकळीच असते."

पण विचारण्याआधी पद्मावतीनं पाहिलं. डबा नीट खाते, हे तिच्या डोक्यात कुसळासारखं रुतलं होतं. भामा मागच्या अंगणात एकटीच पेरू खात बसली होती, आणि पद्मावती न्हाणीच्या झरोक्यातून बघत उभी राहिली. पोरीनं पेरू दातांनी फोडला, मीठ-तिखट लावलं, बिया थुंकल्या, अगदी जशा पडतील तशा थुंकल्या. ढीग नाही, काही नाही. मग आजीच्या चपलांचा आवाज आला, फाटक वाजलं, आणि भामानं घाईघाईनं उरलेल्या पेरूचे तुकडे केले, पायरीवर मांडले, तीन. नाटक करतेय कारटी. क्षणभर तिला असा संताप आला की जाऊन दोन द्याव्यात. कशासाठी? आम्ही इथं मरतोय, आणि ही? आणि संतापाच्या पाठोपाठ नवीच भीती आली, पहिलीपेक्षा मोठी, कारण तिला काही नावच नव्हतं.

ती अंगणात गेली. चतुराबाईंना तिनं नजरेनंच आत जा म्हटलं, आणि त्या का कोण जाणे मुकाट्यानं आत गेल्या. पद्मावती पायरीवर पोरीच्या शेजारी बसली. पेरूच्या तुकड्यांवर मुंगळे आले होते.

"भामा, हे तू आम्हाला दाखवायला करतेस?"

भामानं एक मुंगळा काडीनं बाजूला सारला.

"शाळेत करत नाहीस. एकटी असलीस की करत नाहीस. मी नाही रागवत. सांग मला."

भामा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मी इतके दिवस करतेय. मला कधी नेणार?"

"कुठं?"

"नाना आहेत तिथं. केशवकाका ओट्यावर सांगत होते, असे ढीग करणाऱ्याला घरात ठेवता येत नाही, दवाखान्यातच ठेवावं लागतं." आणि मग एकदम बांध फुटावा तसं, "नाना मुंबईला नाहीत. तू कीर्तनाला जात नाहीस. तुझ्या लुगड्याला फिनाइलचा वास येतो. मला त्यांना एक सांगायचंय."

पद्मावती तिच्याकडे वळली. "काय सांगायचंय?"

"त्या दिवशी त्यांना कळत नव्हतं ना कुठं उभं राहायचं. माझ्या कोपऱ्यात जागा होती. घडवंचीच्या बाजूला. मी सांगणार होते, पण ते म्हणाले हलायचं नाही, बोलायचं नाही. मी सांगितलं असतं तर ते गेले नसते."

एवढं लेकरू, आणि हे एवढं ओझं घेऊन ते शाळेत जात होतं, लोणच्यावरून भांडत होतं, आजीकडून धागा बांधून घेत होतं. पद्मावतीनं तिला जवळ ओढलं, तर पोरीचं अंग लाकडासारखं ताठ. मग तिनं सांगायला सुरुवात केली. तिला शब्द येत नव्हते, कारण या गोष्टीचे शब्द या घरात कुणी ठेवलेच नव्हते. ती म्हणाली, तू सांगितलं असतंस तरी नाना गेले असते. त्यांचं मन आजारी आहे. हिवतापात अंग कापतं, ते आपण कापवत नाही, तसं आहे हे. तुझ्यामुळे झालं नाही, माझ्यामुळे नाही, आजीमुळे नाही. मी खोटं बोलले. मला भीती वाटत होती म्हणून बोलले. आता नाही बोलणार. भामा ऐकत होती का नाही कळत नव्हतं. मग हळूहळू तिचं अंग सैल पडलं आणि ती रडायला लागली, जशी संक्रांतीपासून एकदाही रडली नव्हती.

रविवारी निघायच्या वेळी चतुराबाई दारात आडव्या आल्या. "पोरीला तिथं नेऊ नकोस. तुझ्या पाया पडते." पद्मावती म्हणाली, "आत्याबाई, तिला घरी ठेवलं तरी ती तिथंच असते." म्हातारी कितीतरी वेळ चौकट धरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. कदाचित जालन्याच्या वाटेनं गेलेल्या त्या दिराचं नाव असेल, जे घेऊ नको म्हणून तिला बजावलं होतं. मग ती आत गेली, आणि भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी आणून भामाच्या हातात दिली. "त्याला कोमट आवडतात," एवढंच म्हणाली.

कुसुमताई बसच्या थांब्यावर उभ्याच होत्या. अमीरपेठ मागं पडलं, घरं विरळ झाली, मोकळं माळरान लागलं, आणि पद्मावतीला वाटायला लागलं की आपण फार मोठी चूक करतोय. मुकुंदराव पोरीला ओळखणार नाहीत. ओळखून ओरडतील. पोरीच्या डोळ्यांपुढं जन्मभर तेच राहील. तिनं भामाचा हात इतका घट्ट धरला की भामा म्हणाली, आई, दुखतंय.

मुकुंदराव व्हरांड्याच्या टोकाला भिंतीशी बसले होते, दाढी वाढलेली, सदरा स्वच्छ. भामा काही पावलांवर थांबली. मग जाऊन त्यांच्या आणि भिंतीच्या मधे जी थोडी जागा होती तिथं शिरून बसली आणि पुरचुंडी सोडली. मुकुंदरावांनी तिच्याकडे पाहिलं का नाही, पद्मावतीला कळलं नाही. त्यांचे हात शेंगांकडे गेले. फोलं बाजूला, दाणे फरशीवर. एक ढीग, दुसरा ढीग, तिसरा. कुसुमताईंनी पद्मावतीच्या पाठीवर हात ठेवला. ढीग पुरे झाले, एक दाणा उरला, तो बोटांत धरून मुकुंदराव थांबले, आणि तो प्रश्न आला, त्या खोल, खरोखरीच्या आवाजात. "हे कुठं जाणार?"

"पोटात," भामा म्हणाली. तिनं त्यांच्या बोटांतला दाणा घेतला आणि तोंडात टाकला. मग जवळच्या ढिगातला एक उचलला, तोही टाकला. ढीग मोडला. पद्मावती एक पाऊल पुढं झाली. आता ते डोकं धरतील, आता ती गावं मिसळल्याची हाक येईल. मुकुंदराव मोडलेल्या ढिगाकडे बघत होते. भामा चावत होती, त्याचा कुडुमकुडुम आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मुकुंदरावांचा ओठ एका बाजूला थरथरला, हसू म्हणावं तर नाही, रडू म्हणावं तर नाही. त्यांनी शेजारच्या ढिगातला एक दाणा उचलून मोडलेल्या ढिगावर ठेवला. भामानं तोही खाल्ला. त्यांनी आणखी एक ठेवला. वेळ संपल्याचं सांगायला माणूस येईपर्यंत हेच चाललं होतं, दोघंही एक अक्षर बोलले नाहीत, आणि भामानं जे सांगायचं म्हणून इतके दिवस धरून ठेवलं होतं ते सांगितलं की नाही, हे पद्मावतीनं विचारलं नाही.

परतीच्या बसमधे कुसुमताई पुढच्या बाकावर पेंगत होत्या. भामा खिडकीशी होती. माळरान मागं पडल्यावर ती म्हणाली, "नाना बरे होतील?"

"डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. मला नक्की माहीत नाही."

"मला पण होईल? आजी म्हणते रक्तात आहे."

हा प्रश्न येणार हे पद्मावतीला कुठंतरी ठाऊक होतं, आणि याच्याच भीतीनं तिनं इतके महिने तोंड शिवलं होतं. नाही म्हणावं, छे म्हणावं, दृष्ट लागेल असं बोलू नये म्हणावं. ती म्हणाली, "माहीत नाही गं. बहुतेक नाही. पण कधी डोक्यात काही वेगळं यायला लागलं, भीती वाटायला लागली, तर मला सांगायचं. तू कुठं गेलीस याबद्दल मी कुणाला खोटं सांगणार नाही. तुझ्याबरोबर येईन."

भामानं यावर विचार केला. "आणि तुला झालं तर? तू कुणाला सांगशील?"

बस खड्ड्यातून गेली. पद्मावतीच्या डोळ्यांपुढं ती चटई आली. "कुसुमताईंना सांगेन," ती म्हणाली. मग घसा खाकरून, पुढच्या बाकाकडे बघत, "आणि तुलाच सांगते. परवा मी वाळलेल्या कपड्यांचे तीन ढीग केले. माझं मला कळलंच नाही. फार भ्याले मी. पेटीवर बसून राहिले."

भामा वळून आईकडे बघायला लागली. जराशानं तिच्या कपाळाला आठी पडली, बापासारखीच.

"अगं आई," ती म्हणाली, "कपड्यांचे तर सगळेच करतात."

पद्मावतीला हसू फुटलं, आणि ते थांबेना. पुढं बसलेल्या कुसुमताई दचकून जाग्या झाल्या. भीती काही गेली नव्हती, ती होती तिथंच बाकावर बसलेली होती, घरीही बरोबर येणार होती. भामा आईच्या पदरानं ओठांना लागलेली दाण्यांची सालं पुसत होती. काचीगुडा आलं तशी ती उठली, दंडाचा काळा धागा घट्ट झाला होता तो जरा खाली सरकवला, आणि आईचा हात धरून उतरली.